तेरेखोलचा तट आणि देहाचे पहारेकरी

गोव्याच्या नकाशावर अगदी उत्तरेच्या टोकाला बोट ठेवले म्हणजे तेरेखोल सापडते. नदीच्या अलीकडे केरी आणि पेडणे तालुक्याचा सारा मुलूख. पलीकडच्या तीरावर मात्र गोव्याचा म्हणून एवढाच एक चिमुकला गाव आणि त्याच्या माथ्यावर किल्ला. पाठीशी लगेच सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो. सावंतवाडीच्या खेम सावंत भोसले यांनी सतराव्या शतकात बांधलेला हा कोट १७४६ साली पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि १९६१ च्या डिसेंबरात गोव्याबरोबर मुक्त झाला. आत संत अंतोनीचे चर्च आहे. कोटाचा पसारा तो केवढा! प्रारंभी बारा तोफा, शिबंदीची एक बराक आणि एक प्रार्थनामंदिर, एवढेच काय ते.

असल्या ठाण्याने मोठे युद्ध जिंकावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परका कोण ते ओळखावे, ओळख पटताच त्याला मुखापाशीच थोपवून धरावे आणि मागे असलेल्या मोठ्या सैन्याला वर्दी द्यावी, इतकेच त्याचे काम. आपल्या देहात रोगजंतू शिरतो तेव्हा पहिले चारपाच दिवस नेमके हेच घडत असते. लस टोचल्यावर जी शक्ती अंगी येते, किंवा एकदा गोवर येऊन गेला म्हणजे पुन्हा येत नाही असे आपण ज्या शक्तीमुळे म्हणतो, ती मागची मोठी फौज होय. ती शत्रूचा चेहरा लक्षात ठेवते. परंतु नवा शत्रू आला असता तिला सज्ज होण्यास आठवडाभर तरी लागतो. तोवर किल्ला लढवावयाचा तो जन्मतःच आपल्याला मिळालेल्या शिबंदीने. तिला शास्त्रज्ञ उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात. वृत्तपत्रांतून तिची वार्ता फारशी येत नाही. पण आपल्यापैकी बहुतेक जण बहुतेक दिवशी निरोगी असतात ते तिच्याच कृपेने.

हा विषय येथे काढण्याचे कारण तेरेखोलच्या नदीतच आहे. ही नदी सह्याद्रीत मनोहरगडाच्या परिसरात उगम पावते, बांद्यावरून वाहत येते आणि किल्ल्याच्या पायथ्याशी सागराला मिळते. तिच्या वरच्या अंगाला, काजूच्या बागांत आणि लगतच्या रानांत, अलीकडच्या काळात एक नवा ताप उतरला आहे. लोक त्याला माकडताप म्हणतात.

ह्या तापाची पहिली नोंद १९५७ सालची. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या अरण्यात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे तीव्र तापाने अंथरुणाला खिळली. हिंदुस्थानात कधीच न आलेला पीतज्वर आता आला की काय, अशी भीती तज्ज्ञांच्या मनात डोकावली. पुण्याला १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रातील मंडळी तिकडे धावली. (आज त्या केंद्राला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात.) पीतज्वर नव्हता; रानातील गोचिडींमधून पसरणारा एक अगदी नवा विषाणू होता. त्याला त्या अरण्याचेच नाव मिळाले. पुढे अनेक वर्षे तो कर्नाटकातच आहे असे समजत. परंतु मग तो घाटाच्या बाजूबाजूने सरकत असल्याचे दिसून आले. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पाली गावी, २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात केर गावी आणि २०१७ साली बांद्याच्या परिसरात त्याचे रुग्ण आढळले. सत्तरीत सापडलेल्यांत काजू गोळा करणारे मजूर होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. डिसेंबर ते मे हा ह्या तापाचा हंगाम, आणि काजूचाही हंगाम त्याच महिन्यांतला. बोंडू गळून पडतात ते पालापाचोळ्यात, ज्याला आपण पातेरा म्हणतो. आणि गोचिडीची पिलेही त्याच पातेऱ्यात दबा धरून बसलेली असतात.

आता ह्या एका चाव्याचा मागोवा घेऊ, म्हणजे देहाच्या शिबंदीची ओळख आपोआप होईल.

पहिला तट त्वचेचा. तिचा वरचा थर मृत पेशींचा असतो. आणि विषाणूला तर जिवंत पेशी हवी असते, त्यामुळे धड असलेल्या त्वचेपुढे तो अगदी निरुपाय होतो. डोळ्यांच्या अश्रूंत जंतूंची कवचे फोडणारे एक द्रव्य असते. पेनिसिलिनचा शोध लागण्यापूर्वी काही वर्षे, १९२२ साली, अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच ते जगापुढे मांडले. नाकातील शेंबूड, श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची अविरत झाडलोट, जठरातील आम्ल ही सारी त्याच तटबंदीची बुरूजे. परंतु गोचीड तट चढून येत नाही, ती तटाला भोक पाडते. माणसाला बहुधा डसते ते तिचे पिलू, तिळाहूनही लहान, पोटरीवर वा काखेत चिकटून बसले तरी दिसू नये असे.

तट फुटला की आतले पहारेकरी जागे होतात. त्वचेखाली सर्वत्र काही पेशी कायमच्या वस्तीला असतात. त्यांतील काही मोठ्या भक्षक पेशी परक्या वस्तूला सरळ गिळून टाकतात. दुसऱ्या काही हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडतात; त्याने जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताचा लोंढा येतो, वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन त्यांतील द्रव बाहेर झिरपतो. जागा लाल होते, तापते, सुजते आणि दुखते. ही चार लक्षणे पहिल्या शतकातील सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने नोंदवून ठेवली आहेत. आपण सुजेला रोग समजतो. वास्तविक ती रोगावर चालून गेलेल्यांची वाट असते. त्याच वाटेने रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर पडून जखमेकडे धाव घेतात. त्यांतील सर्वांत संख्याबळ असलेल्या जातीच्या पेशी आपल्या हाडांतील मगज दररोज सुमारे दहा हजार कोटींच्या घरात निर्माण करीत असतो, आणि त्या जेमतेम एकदोन दिवस जगतात. गळवातील पू म्हणजे बव्हंशी ह्याच धारातीर्थी पडलेल्या शिपायांची प्रेते होत.

हे सर्व मानवाला केव्हा उमगले, ती कथा मोठी रम्य आहे. १८८२ साली एल्या मेच्निकोव्ह हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावर मेस्सिना येथे राहात होते. घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहण्यास गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामाशाच्या पारदर्शक पिलांचे निरीक्षण करीत होते. त्या पिलांत इकडून तिकडे हिंडणाऱ्या पेशी पाहून त्यांच्या मनात आले की ह्या पेशी देहाचे रक्षण तर करीत नसतील? घरच्या मुलांसाठी काही दिवसांपूर्वीच बागेतील एका लहान नारिंगाच्या झाडाचा नाताळवृक्ष सजविला होता. त्याच बागेतून त्यांनी काटे आणले आणि ते पिलांच्या अंगात खुपसले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! त्या काळी पुष्कळ वैद्यांची समजूत अशी होती की पांढऱ्या पेशी जंतूंना आपल्या पाठीवर घेऊन देहभर पसरवितात. पहारेकऱ्यांनाच चोर ठरविण्याचा तो प्रकार होता. मेच्निकोव्ह यांना पाव शतक वाद घालावा लागला. १९०८ साली पाऊल एर्लिख यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ह्याच मेच्निकोव्ह यांचे विद्यार्थी वाल्देमार हाफकिन १८९६ साली मुंबईत आले, त्यांनी प्लेगची लस बनविली, १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच वर्षी पोर्तुगीज अमलाखालील दमणमध्येही तिचा प्रयोग केला. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

एक प्रश्न मात्र मेच्निकोव्हनंतरही शतकभर तसाच राहिला. ह्या पेशींना कोणी शिकविलेले नसते, त्यांनी हा शत्रू पूर्वी पाहिलेला नसतो. मग आपला कोण आणि परका कोण हे त्यांना कळते कसे? अमेरिकेतील चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली असे अनुमान मांडले की पहारेकरी प्रत्येक शत्रूला नावाने ओळखत नसतील, त्याचा गणवेश ओळखत असतील. जंतूंच्या कवचांत, विषाणूंच्या जनुकद्रव्यात असे काही नमुने असतात की जे आपल्या पेशींत असतच नाहीत, किंवा असलेच तर त्या ठिकाणी नसतात. ते अनुमान खरे ठरले. जूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली फळांवर घोंघावणाऱ्या साध्या चिलटात, आणि ब्रूस बॉइटलर यांच्या प्रयोगशाळेने १९९८ साली उंदरात, गणवेश ओळखणारे हे दूत दाखवून दिले. चिलट आणि माणूस ह्यांच्या अंगी पहाऱ्याची एकच जुनी रीत असावी, हे वाचून मला तरी विस्मय वाटला. दोघांना २०११ साली नोबेल मिळाले. तिसरे मानकरी राल्फ स्टाइनमन. त्यांनी वर्दी घेऊन धावणाऱ्या पेशी शोधल्या होत्या. ह्या पेशी शत्रूचा तुकडा घेऊन काखेतील वा जांघेतील गाठीपर्यंत जातात आणि तेथे मोठ्या फौजेला तो दाखवितात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ते ह्याचमुळे. स्टाइनमन पारितोषिकाच्या घोषणेपूर्वी तीन दिवस निवर्तले होते. निवड समितीला ते ठाऊक नव्हते, आणि पारितोषिक कायम ठेवण्यात आले.

परतूया आपल्या गोचिडीकडे. एवढी सारी शिबंदी असताना तिचा चावा आपल्याला कळत का नाही? डास चावला तर आपण तत्काळ थप्पड मारतो. गोचिडीला मात्र दिवसचे दिवस चिकटून राहावयाचे असते. म्हणून तिच्या लाळेत एक संपूर्ण औषधालयच असते म्हणा ना! रक्त गोठू न देणारी द्रव्ये त्यात आहेतच. शिवाय हिस्टामीनला पकडून निकामी करणारी, रक्तातील जंतुनाशक प्रथिनांचे काम रोखणारी आणि पांढऱ्या पेशींना बोलावणाऱ्या संदेशांना वाटेतच अडविणारी द्रव्येही आहेत. परिणामी लाली नाही, खाज नाही, सूज नाही. तोफा जागच्या जागी असून दारू भिजवून टाकावी, तसा हा प्रकार. त्या शांत केलेल्या जागेतून विषाणू आत उतरतो.

विषाणू पेशीत शिरल्यावर भक्षक पेशींचा फारसा उपयोग होत नाही, कारण चोर घरात शिरून दार लावून बसलेला असतो. तेव्हा पेशी स्वतःच शेजाऱ्यांना हाक घालते. ही हाक कोणती हे ज्या वर्षी कळले ते वर्षही १९५७ च, म्हणजे क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरत होती तेच. लंडनमधील मिल हिल येथील संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडनमन हे कोंबडीच्या अंड्यातील पापुद्र्यांवर इन्फ्लुएंझाच्या विषाणूचे प्रयोग करीत होते. उष्णतेने मारलेला विषाणू ज्या पापुद्र्यावर टाकला होता त्याच्या भोवतालच्या पाण्यात असे काही तरी उतरले की ते पाणी दुसऱ्या ताज्या पापुद्र्याला दिल्यावर त्यावर जिवंत विषाणूही वाढेना. अडथळा आणणारे ते द्रव्य, म्हणून त्यांनी त्याला इंटरफेरॉन असे नाव दिले. लागण झालेली पेशी बहुधा वाचत नाही; परंतु मरता मरता ती हे द्रव्य सोडते आणि शेजारच्या पेशी आपापले कारखाने बंद करून, दारे लावून, विषाणूला उपाशी मारण्याच्या तयारीला लागतात.

आणि आता ताप. पहारेकऱ्यांनी सोडलेले संदेश रक्तावाटे मेंदूच्या तळाशी पोचतात. तेथे देहाची उष्णता ठरविणारे केंद्र आहे. ते आपला काटा वर सरकविते. अंग अजून जुन्याच उष्णतेवर असल्यामुळे मेंदूला ते थंड भासते, म्हणून आपल्याला हुडहुडी भरते, स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात, आपण घोंगडी मागतो. काटा गाठला की थंडी थांबते. ताप असा देहाने बुद्ध्याच चढविलेला असतो. वाढत्या उष्णतेत पुष्कळ जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशी अधिक चपळ होतात. अंगदुखी, अन्नावरची वासना उडणे, एका कोपऱ्यात पडून राहावेसे वाटणे हाही बव्हंशी त्याच संदेशांचा परिणाम. काविळीच्या काही प्रकारांवर इंटरफेरॉन औषध म्हणून टोचीत असत, तेव्हा त्या रुग्णांना कोणतीही नवी लागण नसताना फ्लूसारखाच ताप, थंडी आणि अंगदुखी होई. म्हणजे आपण ज्याला दुखणे म्हणतो त्याचा बराच भाग शत्रूचा नसून आपल्याच सैन्याच्या हालचालीचा असतो.

ह्यावरून ताप उतरवूच नये असे मात्र कोणी समजू नये. फार चढलेला ताप, लहान मूल, गरोदर स्त्री, हृदयविकाराचा रुग्ण ह्यांच्या बाबतीत तो उतरविणेच इष्ट. परंतु ताप आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी डॉक्टरांपाशी 'एक सुई मारा' असा हट्ट धरणारी जी आपली रीत आहे तिला ह्या शास्त्रात काहीच आधार नाही. जीवाणूंवरची औषधे विषाणूवर चालत नाहीत. त्याहून हास्यास्पद म्हणजे २०२० च्या कोरोनाच्या साथीपासून दुकानोदुकानी मांडलेली 'प्रतिकारशक्ती वाढविणारी' चूर्णे. पहाऱ्याची शक्ती नुसती वाढणे हे हिताचे असतेच असे नाही. कोरोनाच्या अनेक गंभीर रुग्णांत फुप्फुसांची हानी विषाणूइतकीच त्यांच्या स्वतःच्या बेफाम झालेल्या शिबंदीने केली, आणि त्यांना जीवदान मिळाले ते तिला आवर घालणाऱ्या डेक्सामेथासोन ह्या स्वस्त औषधाने.

माकडतापात चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांनी एकाएकी ताप भडकतो. कपाळ फुटून जाईल असे डोके दुखते, पाठ व पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. ताप एवढा असूनही नाडी पुष्कळदा मंदच लागते. काहींच्या हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी घटलेल्या आढळतात आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिकाही कमी होतात. प्रयोगशाळेतील पेशींवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसते की ह्या विषाणूचे एक प्रथिन इंटरफेरॉनची हाक पेशीपर्यंत पोचल्यावरही तिची अंमलबजावणी होऊ देत नाही. गोचिडीने तोफांची दारू भिजविली, तर हा दूताचे पत्रच दाबून ठेवतो. तरीही शंभरांतील नव्वदांहून अधिक रुग्ण बरे होतात. शेकडा तीन ते पाच दगावतात. काही जणांना एकदोन आठवडे बरे वाटून पुन्हा ताप येतो आणि त्या वेळी मेंदूला बाधा पोचण्याची भीती असते. म्हणून ताप गेला की लगेच बागेत जाण्याची घाई नको.

ह्या रोगावर थेट औषध अद्याप नाही. कर्नाटकात अनेक वर्षे एक लस टोचीत असत. तिचा परिणाम कमी पडतो असे आढळल्याने २०२२ साली ती बंद झाली. मोठ्या फौजेला आगाऊ शिकविण्याचा मार्ग असा सध्या बंद असताना आणि आतली शिबंदी फसविली जात असताना, हाती उरतो तो पहिला तट, म्हणजे साधी त्वचा. काजूला जाताना लांब बाह्यांचे कपडे, पाय झाकणारी विजार, आरोग्य खात्याकडून मिळणारे गोचीड दूर ठेवणारे तेल. आणि घरी परतल्यावर गरम पाणी, साबण व घरच्या माणसाकडून पाठीची, काखेची, कानामागची तपासणी. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने तिला अगदी त्वचेलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल लावणे, विडीने चटका देणे, नखांत चिरडणे हे उपाय वर्ज्य, कारण त्याने तिच्या पोटातलेच जखमेत उतरते. बागेत मेलेले माकड दिसल्यास त्याला हात लावू नये. ते मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. वनखात्याला वा आरोग्य केंद्राला कळवावे.

आणि रानातून आल्यानंतर ताप आलाच तर आरोग्य केंद्रात जाताना दोन गोष्टी सांगाव्या: आपण काजूच्या रानात होतो ही, आणि ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला ती तारीख. ॲस्पिरिन आपल्या मनाने घेऊ नये, कारण त्याने रक्तस्राव वाढतो. तारखेचे महत्त्व अशासाठी की पहिल्या काही दिवसांत रक्तात विषाणू स्वतःच सापडतो, पुढे तो दिसेनासा होतो आणि मोठ्या फौजेने तयार केलेली प्रतिपिंडे सापडू लागतात. दोन्हींच्या चाचण्या वेगवेगळ्या. तारीख चुकीची सांगितली तर चाचणीही चुकीची होते, आणि माकडताप असून तो नाही असा कागद हाती पडतो.